मदत हवी आहे: नववीच्या चित्रकलेच्या तासाला नक्की शिकवतात काय? घरून आम्ही काय करायचं?

नमस्कार मंडळी,

थोडं लांबलंय, पण कृपया शेवटपर्यंत वाचा, कारण मला खरंच काही कळेनासं झालंय. माझी लेक नववीत आहे आणि या वर्षी तिने चित्रकला विषय घेतलाय. लहानपणापासून तिचा हात चांगला. फोनवरचा फोटो समोर ठेवून पेन्सिलने चेहरा काढते तो इतका हुबेहूब की पापणीचा केस न केस दिसतो, आणि घरात आम्ही सगळ्यांनी तिचं भरभरून कौतुक केलंय. त्यामुळे हा विषय तिला सोपा जाणार हे धरूनच चाललो होतो.

आता तीन महिने झाले आणि घरी जे कागद येतात ते असे. एकावर नुसते ९ चौकोन, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. एकावर तिचाच डावा हात, पण कागदाकडे अजिबात न बघता काढलेला, बोटं एकमेकांत घुसलेली. एकावर खुर्ची काढायची होती म्हणे, पण खुर्ची काढलेलीच नाही, दांड्यांच्या मधली रिकामी जागा तेवढी काळी केलीय. मग ३० सेकंदांत काढलेल्या उभ्या-बसल्या माणसांचे पानभर फराटे. स्केचबुकात चित्रांपेक्षा लिहिलेलंच जास्त, हे का केलं, ते का बदललं, पुढे काय करून बघणार.

आणि मागच्या आठवड्यात तिने फोटोवरून केलेलं एक पोर्ट्रेट जमा केलं, चार शनिवार-रविवार घालवून केलेलं. त्याला मार्क बेताचेच आणि खाली शेरा, "हात तयार आहे. यातले निर्णय तुझे कुठे आहेत?" ती घरी आली आणि दार लावून रडली. म्हणाली की मला येतं ते त्यांना नकोच आहे. मला काय बोलावं सुचेना, मी नुसती तिच्याजवळ बसून राहिले.

मला तक्रार करायची नाहीये. बाई मन लावून शिकवतात हे तिच्या बोलण्यावरून कळतं. पण या वयात चित्रकलेत शिकायचं काय असतं हे मला कुणीतरी नीट सांगा. आमच्या वेळी एक विषय द्यायचे आणि रंगवा म्हणायचे, बस. हे चौकोन, फराटे, रिकाम्या जागा यातून काय तयार होतं? फोटोवरून काढणं चूक आहे का? आणि घरी मी तिच्या चित्राबद्दल काय बोलू, कारण "छान झालंय" म्हटलं की ती आता चिडते. बाईंना भेटणार आहेच पण त्याआधी मला थोडी तरी समज हवी, नाहीतर तिथे जाऊन "मार्क का कमी" एवढंच विचारून येईन.

जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

ताई, मी हाच विषय याच वयाच्या मुलांना बरीच वर्षं शिकवते आहे. तुम्ही कागदांचं वर्णन इतकं नीट केलंय की तुमच्या मुलीच्या बाई काय करतायत ते मला अगदी स्पष्ट दिसतंय, त्या तिला बघायला शिकवतायत.

आपल्याला वाटतं आपण बघतो. खरं तर आपण ओळखतो आणि पुढे जातो. डोळा म्हटलं की बदामाचा आकार, खुर्ची म्हटलं की चार पाय, हे डोक्यात आधीच तयार असतं आणि हात तेच उतरवतो. वर्षाच्या सुरुवातीला मी मुलांना आठवणीतून चेहरा काढायला लावते, बहुतेक सगळे डोळे पार वर, कपाळात नेऊन ठेवतात. मग पट्टी घेऊन एकमेकांचं डोकं मोजायला सांगते तेव्हा कळतं की डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात, वरचा अर्धा भाग कपाळ आणि केसांचा. रोज आरशात चेहरा बघणाऱ्या मुलांना हे पहिल्यांदा दिसतं, आणि त्यावेळचे त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

खुर्चीच्या मधली रिकामी जागा काढायला लावतात ती यासाठीच. त्या जागेला नाव नाही, त्यामुळे डोक्याला आपलं ठरलेलं चित्र मध्ये घुसवता येत नाही, जे दिसतंय तेच काढावं लागतं, आणि जागा बरोबर आली की खुर्ची आपोआप बरोबर येते. कागदाकडे न बघता हात काढायचा त्यातही चित्र चांगलं यावं ही अपेक्षाच नसते, डोळा आणि पेन्सिल एकाच वेगाने सरकायला लागावेत एवढंच. ३० सेकंदांचे फराटे म्हणजे माणसाचा तोल आणि वळण पकडणं, वजन कुठल्या पायावर आहे, पाठीचा कणा कुठे झुकलाय. तेवढ्या वेळात पापण्या काढता येतच नाहीत, म्हणून मूल मुख्य गोष्टीकडे जातं.

आणि ते ९ चौकोन! मी तर म्हणेन सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच. मुलं गडद करायला घाबरतात, सगळं चित्र मधल्या राखाडीत अडकून बसतं. HB पेन्सिलने कितीही दाबलं तरी मऊ 6B पेन्सिलीइतका काळा येत नाही, कागद मात्र चमकायला लागतो. पायऱ्या एकदा हाताला कळल्या की गोळा गोल दिसायला लागतो, कारण गोलपणा बाहेरच्या रेषेतून येत नाही, छटांतून येतो. बाकी रेषा, आकार, रंग, पोत, अवकाश आणि मग तोल, लय, विरोध, प्रमाण, प्राबल्य हे शब्द तिच्या वहीत असतीलच, ते वाचा, बाईंशी बोलताना उपयोगी पडतील.

आता फोटोचं. फोटोवरून काढणं चूक नाही, अनेक मोठ्या चित्रकारांनी फोटो वापरलेत. अडचण वेगळी आहे. फोटो काढणाऱ्याने चौकट ठरवली, उजेड ठरवला, कुठून बघायचं ते ठरवलं, कॅमेऱ्याने एका डोळ्याने बघून सगळं सपाट केलं, म्हणजे चित्रातले मोठे निर्णय कागदावर पेन्सिल टेकायच्या आधीच दुसऱ्या कुणीतरी घेऊन टाकले. तुमच्या मुलीने मन लावून उतरवलं, त्याला चिकाटी लागते आणि ती वाया जात नाही. पण शेऱ्यातला प्रश्न हाच आहे.

प्रतिसाद २

+१, वाचते आहे. माझ्या मुलाच्या वहीतही असेच चौकोन आहेत, मला वाटलं टाइमपास चाललाय.

प्रतिसाद ३

मी शिक्षक वगैरे नाही, शाळेत हा विषय घेतला होता आणि आता पूर्ण वेगळ्या क्षेत्रात काम करतो. पण त्या तासांतलं जे राहिलं ते सांगतो.

मातीकामात मी एक जाड बुडाचं भांडं केलं होतं, वरून सुकल्यासारखं वाटलं म्हणून भट्टीत जाऊ दिलं आणि ते आत फुटलं, शेजारच्या दोघांची कामंही गेली. माती बाहेरून कोरडी लागते पण जाड भागात आत पाणी असतं, तापलं की त्याची वाफ होते आणि वाफेला बाहेर पडायला वाट नसते. सरांनी रागावण्याऐवजी तुकडे हातात देऊन जाडी मोजायला लावली. मग दोन तुकडे जोडताना आधी ओरखडे काढून पातळ चिखल लावायचा, भिंत सगळीकडे सारखी ठेवायची, घाई करायची नाही, हे सगळं जे शिकलो ते आजही हाताला आठवतं. लिनो नावाच्या मऊ तक्त्यावर कोरून ठसे काढायचे तेव्हाही तसंच, छाप उलटी येते हे सगळ्यांना माहीत असतं तरी पहिल्या वेळी अक्षरं सुलटीच कोरली जातात. कोरलेलं परत भरता येत नाही, त्यामुळे आधी विचार करायची सवय लागते.

पण सगळ्यात जास्त मिळालं ते भिंतीवर चित्रं लावून सगळ्यांनी बोलायचं त्या तासांतून. नियम कडक होता. आधी फक्त दिसतंय ते सांगायचं, मत नाही. मग ते कसं मांडलंय, नजर कुठून कुठे जाते. मग याचा अर्थ काय लागतो. आणि आवडलं की नाही हे सगळ्यात शेवटी, तेही कारण देऊन. पुढे कळलं की एडमंड फेल्डमन नावाच्या कलाशिक्षणातल्या अभ्यासकाने या चार पायऱ्या मांडल्या होत्या. पंधराव्या वर्षी आपलं चित्र भिंतीवर आहे आणि वीस जण बोलतायत हे सहन करणं सोपं नसतं हो, पोटात गोळा येतो. तुमच्या मुलीला लागलं ते अगदी समजू शकतो.

प्रतिसाद ४

थोडं वेगळं मत. शेरा बरोबर असेल पण एवढा वेळ बसून केलेल्या कामाला आधी दोन ओळी दाद द्यायला हवी होती. कारागिरी ही काही कमी दर्जाची गोष्ट नाही, हात तयार नसेल तर निर्णय डोक्यातच राहतात.

निर्णय म्हणजे काय हे मुलीला दाखवायचं असेल तर पिकासोचं गेर्निका हे चित्र बघा तिच्यासोबत. २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले, त्यानंतर काही आठवड्यांत साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब चित्र त्याने काळा, पांढरा, राखाडी एवढ्यावरच केलं. चित्र चालू असताना डोरा मार या फोटोग्राफर बाईने वेळोवेळी फोटो काढून ठेवलेत, त्यात सुरुवातीला मध्यभागी वर उगारलेली एक ठळक मूठ दिसते आणि पुढच्या टप्प्यांत ती नाहीशी होते. इतका जोरदार आकार त्याने काढून टाकला. का, यावर दोघींनी बोला. स्केचबुकात लिहायला का लावतात ते तिथे कळेल, बाईंना त्या पुसलेल्या मुठी बघायच्या असतात.

धागाकर्ती

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. लेकीला वाचून दाखवलं. डोळे मध्यावर असतात म्हटल्यावर तिने उठून माझंच डोकं मोजलं.

अजून एक विचारते. आता रंग सुरू झालेत. कालच्या कागदावर तिने एकच राखाडी रंग दोन चौकोनांत लावलाय, एक लाल पार्श्वभूमीवर आणि एक हिरव्या, आणि मला विचारते दोन्ही सारखे दिसतात का? मला तर दिसत नाहीत! ती म्हणते एकाच वाटीतला रंग आहे. हे कशासाठी? आणि घरी बोलायचं काय ते राहिलंच.

प्रतिसाद १ (पुन्हा)

तुम्हाला वेगळे दिसले म्हणजे प्रयोग जमला. फ्रान्समध्ये शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ गोबलँ इथल्या विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभाग सांभाळत होते. काही रंग फिके पडतात, काळा हवा तसा काळा दिसत नाही अशा तक्रारी यायच्या. त्यांनी तपासलं तर काळ्या धाग्याच्या रंगात काही खोट नव्हती, शेजारी जे रंग विणले जात होते त्यांच्यामुळे तो तसा दिसत होता. १८३९ मध्ये त्यांनी हे सगळं पुस्तकरूपाने मांडलं आणि पुढच्या चित्रकारांनी ते फार मनावर घेतलं. लाल शेजारी आला की राखाडी हिरवट वाटतो, हिरव्याशेजारी तांबूस. म्हणून मी मुलांना सांगते की पॅलेटवर रंग सुंदर आहे का ते बघू नका, लावल्यावर शेजाऱ्यासोबत बघा. मोने हा फ्रेंच चित्रकार १८९० च्या सुमारास शेतातल्या गव्हाच्या गंजी पुन्हापुन्हा रंगवत बसला, सकाळी, संध्याकाळी, बर्फात, गंजी त्याच आणि रंग दरवेळी निराळे. सावली काळी नसते हे मुलांना तिथे चटकन दिसतं.

घरी बोलायचं तर "छान" ऐवजी जे दिसतंय ते बोला. माझी नजर आधी इथे गेली, मग तिथे गेली, तुला तसंच हवं होतं का? सगळ्यात अवघड कुठला भाग गेला? कुठे पुसलंस? एवढं पुरे. आणि कृपया तिच्या हातातून पेन्सिल घेऊन दुरुस्त करू नका, वर्गात दोन मिनिटांत ओळखू येतं आणि मुलाला फार कानकोंडं होतं. बाईंना भेटाल तेव्हा मार्क कशाकशाला होते ते जरूर विचारा, बहुतेक वेळा कौशल्य, शोध, विचार आणि पूर्णत्व यांचे वेगवेगळे धरलेले असतात, एका बेरजेत ते दिसत नाही.

धागाकर्ती

भेटून आले. तसंच निघालं, कौशल्याला तिला जवळजवळ पूर्ण मार्क होते, शोध आणि प्रक्रिया यात गेले. बाईंनी तेच काम पुन्हा करायची संधी दिलीय, फक्त प्रत्यक्ष माणूस समोर बसवून.

तर काल तिने आजीला खिडकीशी बसवलं. तीन वेगवेगळ्या बाजूंनी बघून आली, मग चेहऱ्याचा अर्धा भाग पूर्ण अंधारात ठेवायचं ठरवलं, हे तिचं तिनेच. वीस मिनिटांनी आजी पेंगायला लागली आणि मान कलली, लेक वैतागली नाही, शेजारच्या पानावर ती कललेली मानही काढून घेतली. हुबेहूबपणा नाही अजून, नाक थोडं लांब झालंय, पण आजीच आहे ती.

आता अडचण एकच, ऊन सरकतं आणि गालावरची सावली बदलत राहते, ती सारखी खोडून पुन्हा करतेय आणि कागद खराब व्हायला लागलाय. काय करावं?

प्रतिसाद १ (पुन्हा)

पहिल्या पाच मिनिटांत सावलीची कड हलक्या हाताने आखून घ्यायला सांगा, गालावरची, मानेखालची, भिंतीवरची, सगळी एकदमच. नंतर ऊन कितीही सरकू दे, ती कड हलवायची नाही. आत शेडिंग निवांत करता येतं. दुसऱ्या दिवशी बसायचं तर त्याच वेळेला, आणि आजींची खुर्ची जिथे आहे तिथे जमिनीवर खडूने खुणा करून ठेवा.