पोटातल्या धमनीला फुगे : मेंदूचीही तपासणी करून घ्या
ताई, तासगावच्या तुमच्या दिरांना पोटातल्या धमनीला फुगे सापडलेत आणि वरच्या प्रतिक्रियेत एकांनी लगेच स्टिरॉइड सुरू करा असं लिहिलंय, ते आपल्या मनाने अजिबात करू नका. माझ्या मावसभावाला हेच झालं, जेवून उठला आणि पोट धरून खालीच बसला, आम्ही पित्त समजून बसलो पण मिरजेत सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) केली तर आतड्याच्या धमनीला मण्यांच्या माळेसारखे फुगवटे, आणि पोटात रक्त. सेगमेंटल आर्टेरियल मेडिओलायसिस निघालं. १९७६ मध्ये स्लाव्हिन यांनी पहिल्यांदा वर्णन केलेला दुर्मिळ आजार. धमनीच्या मधल्या थरातले स्नायू जागोजागी विरघळतात, मग भिंत फुगते नाहीतर फाटते. मुळात दाह नसतो म्हणून ईएसआर, सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या बऱ्याचदा नॉर्मलच येतात, स्टिरॉइड व्हॅस्क्युलायटिसला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या दाहाला लागतं, याला नाही. भावाची ती धमनी जांघेतून कॅथेटर (बारीक नळी) घालून कॉइलने, म्हणजे तारेच्या बारीक वेटोळ्याने, आतून बंद केली.

हा आजार मेंदूच्या धमन्यांनाही धरू शकतो, त्यामुळे डोक्याच्या अँजिओचं डॉक्टरांना विचाराच. बीपी रोज बघा. आणि अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखलं तर गोळी देऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीच मिरजेला हलवा.