एकाच बांधाला दोन वाण, करपा एकावरच: बुरशी एक की अनेक?

शिवार_खानापूर
जांबोटी पट्ट्यातलं धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीत) पेरलेलं भात. बांधाच्या अलीकडच्या वाणावर पानभर करपा आणि पुढं मानमोडी (लोंबीच्या मानेवरचा करपा), पलीकडच्या वाणावर नुसते तपकिरी ठिपके. बुरशी एकच आहे की तिच्यात प्रकार आहेत? तपासायचं तर नमुने कसे घ्यायचे? आणि बांधावरच्या नाचणीचा करपा भातावर उतरतो का?

पेट्रीप्लेट
आधी नाचणीचं. प्रजाती एकच, मॅग्नापोर्थे ओरायझी, पण नाचणीवरचा आणि भातावरचा वंश वेगळा. नाचणीवरचा सहसा भातावर रोग करत नाही. नाचणी उपटायची गरज नाही.

नमुने घेताना एका रोपाचा एकच डाग घ्या. एक डाग म्हणजे बहुधा एका बीजाणूची लागण. दोन रोपांत ८-१० मीटर अंतर ठेवा, नाहीतर एकाच बुरशीच्या प्रती पुन्हापुन्हा मोजाल. एका शेतातून १०-१५ आणि वाणागणिक वेगळे. कागदी पाकिटात घालून सावलीत वाळवा. प्लास्टिकची पिशवी नको, घाम सुटला की दुसऱ्या बुरशा आणि जिवाणू करप्याला झाकून टाकतात.

प्रयोगशाळेत डागाचा तुकडा १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर, निर्जंतुक पाण्यात तीनदा धुऊन ओल्या गाळणकागदावर २५ अंशाला एक-दोन दिवस. करडे बीजाणू उठले की २ टक्के पाणी-अगरवर झटकायचे. सूक्ष्मदर्शीखाली पेरूच्या आकाराचा, तीन कप्प्यांचा एकच बीजाणू उचलून ओट-अगरवर (ओटच्या वाढ-माध्यमावर) न्यायचा. हा टप्पा गाळला तर मिश्र वाढ येते आणि पुढचं सगळं वाया. शुद्ध वाढ लगेच गाळणकागदावर वाळवून उणे २० अंशाला ठेवा. ताटलीवरून ताटलीवर फिरवत राहिलात तर बीजाणू धरणं कमी होतं, रोगकारकताही जाऊ शकते.

जनुक_आणि_जमीन
वरच्यात एक भर. पॉट-२ किंवा एसएसआर मार्करचे (बुरशीच्या डीएनए चाचणीत दिसणारे) पट्टे वंशावळ सांगतात, कोणता वाण बळी पडेल ते नाही. पट्टे जुळणाऱ्या दोन बुरशांपैकी एक पीआय-टा या करपा-प्रतिकार जनुकाच्या भाताला भेदते, दुसरी नाही, असं होतं. कारण पीआय-टा ज्या खुणेवरून बुरशी ओळखतो ते बुरशीचं एव्हीआर-पिटा जनुक गुणसूत्राच्या टोकाला बसलेलं. टोक तुटलं किंवा उडतं जनुक मध्ये घुसलं की खूण गेली आणि भाताचा पहारा फसला.

त्यामुळे दोन्ही चाचण्या हव्यात. रोगकारकतेसाठी एलटीएच (करप्याला सहज बळी पडणारा भात) पार्श्वभूमीची, प्रत्येकी एकच प्रतिकार जनुक असलेली भातं वापरतात. ३-४ पानांच्या रोपांवर मिलिलिटरला १ लाख बीजाणूंची फवारणी, द्रावण पानावर पसरायला ०.०२ टक्के ट्वीन-२० घालून. २४ तास अंधार, पूर्ण ओलावा, २५-२६ अंश. सातव्या दिवशी वाचन. टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका म्हणजे प्रतिकार, मधे राखाडी पोट असलेला चातीसारखा डाग म्हणजे बळी. साध्या एलटीएचवर चातीचे डाग आले नाहीत तर ती फेरी सरळ रद्द करा, पारा चढलेला असतो किंवा ओलावा तुटलेला असतो.

मोजणीत एकाच शेतातले सारखे पट्टे एकदाच धरा. लैंगिक संकर बघायचा तर मॅट-१-१ आणि मॅट-१-२ हे बुरशीचे दोन्ही संकर-प्रकार तपासा. नुसते दोन्ही सापडले म्हणून संकर होतोय असं ठरत नाही. बहुतेक भातखाचरांत ही बुरशी अलैंगिक बीजाणूंनीच पसरते.

शिवार_खानापूर
प्रयोगशाळा नसेल तर?

कुरीवाला
करपा-वाफा (मुद्दाम रोग आणायचा चाचणीचा वाफा) करा, दादा. वरचीच एकेका प्रतिकार जनुकाची भातं एकेका ओळीत, दर काही ओळींमागे आणि चारी कडेला करप्याला हमखास बळी पडणारा एचआर-१२ किंवा सीओ-३९. युरिया मुद्दाम जास्त, सावलीची ओलसर जागा. ज्या ओळीवर चातीचे डाग आले, तिच्या जनुकाचा वाण त्या शिवारात टिकायचा नाही. वाफा मुख्य भातापासून लांब हवा, नाहीतर रोग तुम्हीच पेराल.

तोवर मुख्य भाताला युरिया तीन हप्त्यांत. डाग दिसताच ट्रायसायक्लॅझोल ७५ टक्के बुरशीनाशक, १० लिटर पाण्याला ६ ग्रॅम. मानमोडीसाठी लोंबी बाहेर पडायच्या सुमारास फवारायचं. मान काळी पडल्यावर मारून दाणा भरत नाही. दुसरी फवारणी लागली तर बुरशीनाशकाचा गट बदला, आयसोप्रोथिओलेन ४० टक्के, १० लिटरला १५ मिलि.