सोसायटीच्या सीक्रेट सांताला ३०० रुपयांची मर्यादा हवी की नको?

कावेसरची आई
घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत २४ डिसेंबरला मुलांचा सीक्रेट सांता असतो. चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी गुपचूप भेट आणायची. गेल्या वर्षी एका मुलाला रिमोटचं हेलिकॉप्टर मिळालं आणि माझ्या सात वर्षांच्या लेकीला रंगीत खडूंची पेटी. तिला खडू जिवापाड आवडतात, एरवी ती नाचली असती. पण हेलिकॉप्टर वर उडालं आणि तिने हळूच पेटी पाठीमागे लपवली. ते लपवणं माझ्या मनातून जात नाही. म्हणून यंदा मी सुचवलंय, भेट ३०० रुपयांपर्यंतच, एक रुपयाही वर नाही. निम्मे पालक रागावलेत. तुमचं मत सांगा.

वाशी सेक्टर ९
माझा विरोध. मर्यादा घातली की लोक माणूस विसरतात आणि आकडा गाठतात. ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात ५०० ठरले होते. बारा जणांत सात जणांना कॉफीचे मग मिळाले, कारण ते बरोबर त्या किमतीत बसत होते. कोणाला काय आवडतं हे कोणी विचारलंच नाही. आणि हेलिकॉप्टर आणणाऱ्याने तरी काय वाईट केलं? त्याने हौसेने आणलं. दुखलं ते सगळ्यांसमोर उघडल्यामुळे. भेटी घरी जाऊन उघडा, प्रश्न मिटला.

नेरूळचा हिशेबनीस
मला तर वस्तूच नकोत. १९९३ मध्ये जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने येलच्या विद्यार्थ्यांना नाताळच्या भेटींबद्दल विचारलं होतं. घेणाऱ्याच्या लेखी भेटीची किंमत देणाऱ्याने मोजलेल्या पैशांपेक्षा कमी भरली. एक दशांश ते एक तृतीयांश मोल वाटेतच वाया, असा त्याचा अंदाज होता. आपल्याकडे १०१ रुपयांचं पाकीट देतात त्यात शहाणपण आहे. मुलं आपल्या आवडीचं घेतील.

कावेसरची आई
@हिशेबनीस, त्याच अभ्यासात भावनिक मोल बाजूला ठेवून किंमत सांगा असं विचारलं होतं ना? मग माझ्या लेकीचा प्रश्न त्यात येतच नाही. शिवाय मित्रांनी दिलेल्या भेटींत नुकसान कमी होतं आणि काका-मावशी, आजी-आजोबांच्या भेटींत जास्त. म्हणजे ओळखून दिलेली वस्तू वाया जात नाही. आणि सात वर्षांच्या मुलीचं पाकीट शेवटी माझ्याच पर्समध्ये जातं.

चरईकर
आमच्या घरचा हा सण, म्हणून थोडं लांबण लावतो. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळचे ख्रिस्ती, ठाण्यातल्या मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट आमचं चर्च. लहानपणी नाताळला नवे कपडे मिळायचे, तेही भावंडांना एकाच ताग्यातले. खेळणी क्वचितच. खरी देवाणघेवाण कुस्वारची, म्हणजे नाताळच्या फराळाची. आई आठवडाभर आधी घरातल्या सगळ्यांना कामाला बसवायची. कुलकुल वळायला काट्याचमच्याच्या पाठीवर कणकेची गोळी दाबून गुंडाळायची, नेवऱ्यांच्या कडा मुडपायच्या. शेजारच्या काकूंकडून दिवाळीचा फराळ ज्या डब्यातून आलेला, तोच डबा कुस्वार भरून परत जायचा. रिकामा डबा कधी गेला नाही. किती खर्च आला हे ना आईने मोजलं, ना काकूंनी.

मत्तयच्या शुभवर्तमानात ज्ञानी लोक बाळापुढे सोनं, ऊद आणि गंधरस ठेवतात. तेव्हा महाग भेट पाप आहे असं मी म्हणणार नाही. पण मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेने सगळ्यांत जास्त दिलं, असंही येशूच म्हणतो. ३०० चा नियम तिचं दान मोजू शकत नाही, हेलिकॉप्टरवाल्याचंही नाही. माझं म्हणणं, मुलांनी स्वतः केलेलं काहीतरी द्यावं.

पाचपाखाडी
चरईकर, वाचून फार छान वाटलं, पण आई-बाप दोघंही रात्री आठला ठाणे स्टेशनला उतरतात त्या घरात आठवडाभर कुलकुल कोण वळणार? ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांचीच भेट मग भारी ठरेल. पैशांऐवजी वेळेची चढाओढ. मी मर्यादेच्या बाजूने. हप्ते भरणाऱ्या घराला ‘नाही परवडत’ असं सोसायटीच्या ग्रुपवर लिहावं लागू नये. नियम असला की ते झाकलं जातं. संक्रांतीच्या वाणात हेच होतं, सगळ्याजणींना एकसारखी वाटी, म्हणून कोणी कोणाची वस्तू निरखत नाही.

वाशी सेक्टर ९
वाणात निवड नसते हो. इथे चिठ्ठी काढतो ती एका मुलासाठी निवडायला. सगळ्यांना सारखीच वाटी द्यायची तर चिठ्ठी कशाला?

कावेसरची आई
घरी उघडायचं हे मला पटलं, तसं आज ग्रुपवर लिहिते. पाचपाखाडींनी लिहिलेलं मला सुचलं नव्हतं, म्हणून ३०० मी सोडणार नाही. चिठ्ठीवर मात्र नावाखाली मुलाने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायची, ‘मला काय आवडतं’. माझ्या लेकीने आत्ताच लिहिलं, ‘खडू, पण मोठे’. रविवारी जांभळी नाक्याला जाते, ३०० त काय काय येतं ते बघून इथे सांगते.

वाशी सेक्टर ९
ती ओळ उत्तम. मर्यादा तरीही नको.