एपीएल शिकवताना भाचीचं घोडं नेमकं कुठे अडतंय?

दिडकीवाले_मामा

नमस्कार मंडळी. १९८६ साली विम्याच्या हिशेबखात्यात लागलो तेव्हा एपीएल शिकलो, म्हणजे शब्दांऐवजी चिन्हांत लिहायची संगणकभाषा. आता निवृत्त. भाची बी.एस्सी.ला आहे, संख्याशास्त्र घेतलंय. रविवारी येते, म्हणून तिला शिकवायला बसलो.

पहिला रविवार झकास गेला. (⍳१०)∘.×⍳१० लिहिलं आणि एक ते दहाचे सगळे पाढे समोर. मग मी हौसेने ०.२५ ०.५ ०.७५ १.५∘.×⍳१० करून पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी दाखवली. आम्हाला छड्या खाऊन पाठ करावी लागली ती दिडकी, हिच्या पुढ्यात अर्ध्या ओळीत! खूश झाली.

दुसऱ्या रविवारी ३×४+५ चं उत्तर २७ आलं. "मामा, हे बिघडलंय." सांगितलं, बाई, इथे गुणाकार मोठा आणि बेरीज धाकटी असं नाही, उजवीकडून वाचायचं. क्रिया इतक्या आहेत की त्यांची ज्येष्ठता कोण लक्षात ठेवणार? नाक मुरडून मान्य केलं.

तिसऱ्या रविवारी पाऊस घेतला. ३ गावं, जून ते सप्टेंबर ४ महिने. प्रत्येक गावाच्या पर्जन्यमापकात ठरावीक चूक आहे असं धरून ते ३ आकडे वजा करायला सांगितले. रँक एरर, म्हणजे यादी आणि तक्ता यांच्या मिती जुळत नाहीत अशी तक्रार. लॅपटॉप मिटला, "यापेक्षा पायथन बरं."

चिन्हांमुळे होतंय का हे? वीसेक चिन्हांना साधे शब्द नेमून द्यावेत असा विचार आहे.

ठिपकेच_ठिपके

मामा, नका. मी 'जे' (J) नावाची भाषा शिकलो. एपीएलचे जनक आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांनी १९९० च्या सुमारास ती काढली, साध्या कीबोर्डवरची अक्षरं वापरून, म्हणजे लोकांना सोपं जाईल. झालं काय? भागाकाराला %, ऋण संख्येला _, आणि +. म्हणजे मसावि तर +: म्हणजे दुप्पट. चिन्हं गेली नाहीत, त्यांना ठिपके फुटले.

एक मात्र मला फार आवडलं. तिथे आकड्यांना नाम म्हणतात, + ला क्रियापद, आणि +/ मधल्या / ला क्रियाविशेषण. बेरीज कशी करायची, तर सगळ्यांच्या मधे घालत. आठवीतलं व्याकरण एकदाचं कामाला आलं.

शब्द हवेच असतील तर २०२३ मध्ये आलेली युआ ही भाषा बघा. शब्द टाइप करायचा, तीच त्याचं चिन्ह करून देते. शब्दाचा हात धरून चिन्हापर्यंत जाता येतं. तुम्ही कायमचे शब्द दिलेत तर भाची दुसऱ्याचं एपीएल कधीच वाचू शकणार नाही.

रात्रपाळी_पुणे

मी नोकरीत क्यू ही एपीएलच्याच कुळातली भाषा वापरतो. तिथे बेरजेला, सरासरीला सरळ इंग्रजी शब्द आहेत. तरी पहिल्या आठवड्यात २*३+४ ला १४ बघून माझं डोकं फिरलंच होतं. शब्दांनी उजवं-डावं सुटत नाही, एवढंच सांगतो.

सांगलीच्या_बाई

मामा, तुमची भाची चिन्हांवर अडलेलीच नाही. ∘.× सारखं अक्राळविक्राळ प्रकरण तिने पहिल्याच दिवशी हसत पचवलं. अडली ती ३ आकडे आणि ३×४ च्या तक्त्यापाशी. आणि पायथनकडे पळून सुटका नाही. नमपाय, म्हणजे पायथनमधला याद्या-तक्त्यांच्या गणिताचा संच, आकार (किती ओळी, किती स्तंभ) शेवटून जुळवतं, त्यामुळे ४ स्तंभांसमोर ३ आकडे तिथेही फेटाळले जातील. 'जे' भाषा पुढून जुळवते, तिथे हीच वजाबाकी मुकाट्याने होईल. एपीएल अंदाज बांधत नाही, तुम्हालाच सांगावं लागतं: पाऊस-⍤१ ०⊢चूक. म्हणजे डावीकडून एकेक ओळ, उजवीकडून एकेक आकडा.

मी वर्गात काय करते सांगू? सगळ्यात आधी ]बॉक्स ऑन ही आज्ञा, म्हणजे उत्तराभोवती चौकटी दिसतात. मग एंटर दाबण्यापूर्वी उत्तराचा आकार वहीत लिहायचा. उत्तर नाही, फक्त आकार. आकार सांगणाऱ्या ⍴ या चिन्हाने पडताळायचा. सुरुवातीला मी उत्तर चुकलं तर गुण कापत नाही, आकार चुकला तर कापते. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

आणि रँक एरर पहिल्यांदा अपघाताने भेटू देऊ नका. मुद्दाम घडवून दाखवा.

दिडकीवाले_मामा

बाई, काल तसंच केलं. वहीत ८ आकार लिहायला लावले, ५ चुकले. १० आकड्यांची यादी आणि १० ओळी १ स्तंभाचा तक्ता तिला एकच वाटत होते. (मलाही १९८६ साली वाटायचे, पण हे तिला सांगितलं नाही.) पावसावर +/, म्हणजे ओळीओळीची बेरीज, केल्यावर ३ आकडे आले, तर म्हणाली, "४ कुठे गेले?" मग +⌿ ने, म्हणजे स्तंभांची बेरीज करून, ४ आणले. त्यातल्या आडव्या रेघेवरून कुठला अक्ष दुमडतो हे तिनेच ताडलं, मी तोंड उघडलं नव्हतं. शब्द नेमण्याचा बेत रद्द.

नंतर मात्र तिने ⍴५ करून पाहिलं. रिकामी यादी आली. "म्हणजे एकट्या ५ ला आकारच नाही?" मी म्हटलं, आकार आहे, पण त्यात लिहायला काही नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, चहा गार झाला. बाई, हे तुम्ही वर्गात कसं सांगता?