सेकंडहँड टाटा ४०७ (छोटा ट्रक) घेतली, चोर्ला घाट चढताना दम सोडते. इंजिन खोलू की नको?

फोंडेकर_४०७:
मंडळी नमस्कार. गेल्या महिन्यात एजंटकडून ४०७ घेतली, २०१२ चं मॉडेल, बीएस ३ (जुना धुराचा निकष), गोव्यातलं डिचोली पासिंग. काम म्हणजे बेळगावहून भाजी, रात्री रिकामी वर जायची आणि पहाटे भरून खाली. बघायला गेलो तेव्हा गाडी चकाचक, नवा रंग, सीटला नवं कव्हर, एका सेल्फला स्टार्ट. आता केरी सोडून घाट लागला की थोडा वेळ बरी चढते आणि मग अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच असतो पण गाडी मरत जाते, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, कधी कधी बंदच पडते. बाजूला घेऊन जरा थांबलं की परत काही झालंच नाही अशी चालते. त्याशिवाय सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर, ब्रेक मारला की डावीकडे ओढते आणि पन्नासच्या आसपास स्टेअरिंग थरथरतं. गॅरेजवाला सरळ म्हणाला इंजिन थकलंय, लायनर-पिस्टन करू, लाखभर धरून चला. गाडी घेऊन खिसा आधीच रिकामा झालाय. खोलू द्यायचं का? आणि फोंड्याच्या आसपास पंप-नोझलचं (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांचं) काम करणारा विश्वासाचा कुणी आहे का?

घाटातला_गडी:
खोलू नका!!! एकदा खोललेलं इंजिन परत पहिल्यासारखं बसतंच असं नाही. आधी पाचशे रुपयांत तपासून होणाऱ्या गोष्टी तपासा, लाखाचं नंतर बघू.

तेल_आणि_ग्रीस:
फोंडेकरबाब, एकच सांगा, दम सोडताना मागून धूर कसला येतो? आरशात बघा नाहीतर क्लीनरला बघायला सांगा. सगळं त्यावर आहे. काळा धूर भरपूर आणि ओढ नाही, म्हणजे डिझेल पोचतंय पण हवा कमी पडतेय, एअर फिल्टर चोक, टर्बोचा होज (हवेचा पाइप) फाटलेला, किंवा नोझल मुततंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय, मग गॅरेजवाल्याच्या बोलण्यात तथ्य असू शकतं. आणि धूरच नाही, नुसती मरत जाते, तर डिझेलच पोचत नाहीये आणि त्यात बिचाऱ्या पिस्टनचा काही संबंध नाही.

दुसरं, इंजिन गरम असताना आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून तसंच भोकावर ठेवा. जरा थरथरेल, ते चालतं. उडून पडलं, आतून भसाभसा धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा. ह्याला पैसे लागत नाहीत. तरी शंका राहिली तर गेज लावून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघायला सांगा, खोलण्याच्या मानाने तो खर्च काहीच नाही. गेज न लावता "इंजिन थकलंय" म्हणणाऱ्याकडे मी तरी गाडी ठेवणार नाही.

फोंडेकर_४०७:
काल बघितलं. चढताना धूर जवळजवळ नाहीच. झाकण नुसतं हलतं, उडत नाही. ऑइलपण फारसं कमी होत नाही. आणि गाडी रिकामी असताना हे होतं हो, भरून तर ती उतरत असते.

सत्तरीचो:
धूर नाही, रिकामी गाडी, थांबलं की बरी. डिझेलच आहे हे, लिहून देतो. किलोमीटर किती दाखवते? तुमची डिचोली पासिंग म्हणून विचारतो, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या भागात नुसते टिपर नाही, खाणीवर माणसं-सामान नेणाऱ्या छोट्या गाड्यापण वर्षानुवर्षं माडाखाली उभ्या राहिल्या. अशी गाडी कमी चाललेली म्हणून लोक खूश होऊन घेतात पण उभ्या गाडीचं दुखणं वेगळं असतं. टाकी अर्धी रिकामी राहिली की पावसाळ्यात आत पाणी धरतं, गंज सुटतो. मग गाडी चालवली की तो गाळ सक्शन पाइपच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या) तोंडाशी येऊन चिकटतो, डिझेल अडतं, गाडी थांबवली की गाळ खाली बसतो आणि पाइप मोकळा. तुम्ही सांगताय ते हेच.

तरी टाकी उतरवायच्या आधी एक करा. पुढच्या वेळी दम सोडला की लगेच उतरून टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी तिथल्या तिथे सुधारली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. डिझेल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे, नाही आली तर टाकीत व्हॅक्यूम होऊन फीड पंप (टाकीतलं डिझेल इंजिनाकडे नेणारा) ओढून ओढून दमतो.

बेळगाव_भाजी:
ह्यात एअर धरणंपण (डिझेलच्या लायनीत हवा शिरणं) बघा. फीड पंपाकडे येणाऱ्या लायनीत थोडा वेळ पारदर्शक पाइप टाकला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. वॉशर जुने झाले की डिझेल बाहेर गळत नाही पण हवा आत घेते. फिल्टर दोन्ही बदला, खालचा पाण्याचा बोल्ट सैल करून पाणी काढा, मग हँड प्रायमर मारून एअर काढा. पांढऱ्या धुराचं म्हणाल तर रेडिएटरचं पाणी कमी होतं का? होत नसेल, गरम झाल्यावर धूर जात असेल आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असेल तर बहुतेक नोझल गळतंय. हेड पॅकिंगच्या नावाने घाबरू नका.

तेल_आणि_ग्रीस:
बरोबर. कुठल्या सिलिंडरचं नोझल ते शोधायला आयडलवर एकेका नोझलच्या पाइपचं नट अर्धा आटा सैल करून बघतात, ज्याचं सैल केल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाहीये. पण हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाला. हा धागा वाचून कुणी कॉमन रेलच्या (नवीन, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल सिस्टिमच्या) गाडीवर करायला जाऊ नका, तिथे हजार बारच्या वर प्रेशर असतं, डिझेलची धार कातडी फोडून हातात घुसते, बोट कापायची पाळी येते. बीएस ६ वाल्यांनी स्कॅनर लावायचा, पाना नाही.

मांडवीकाठ:
तुम्ही सगळे डिझेलवर चर्चा करताय आणि हा माणूस भाजी भरून चोर्ला उतरतोय, ब्रेक एका बाजूला ओढतोय!! आधी ते करा हो. नाही चढली तर गाडी थांबेल, नाही थांबली तर काय?

डावीकडे ओढते म्हणजे उजवीकडचा ब्रेक धरत नाही, लोक उलटं समजून डावं चाक खोलत बसतात. उजवा ड्रम काढा, व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक ढकलणारा) जाम असेल नाहीतर ब्रेकचा लायनर ऑइलने भिजलेला. पेडल पहिल्यांदा खोल जातं आणि दोनदा मारल्यावर वर येतं तर अ‍ॅडजस्टमेंट. पाय ठेवून धरल्यावर सावकाश खाली सरकत जातं आणि बाहेर कुठेच गळत नाही तर मास्टर सिलिंडर. बूस्टर (ब्रेकला जोर देणारा) बघायला इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत मारा, दाबून धरा आणि स्टार्ट करा, पेडल जरासं खाली गेलं पाहिजे, नाही गेलं तर व्हॅक्यूम पंप नाहीतर होज. आणि उताराला डिझेल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करणाऱ्यांतले तुम्ही नसाल अशी आशा, बूस्टरचा व्हॅक्यूम इंजिनवर बनतो.

अजून एक, गाडी आधी कुणाच्या धंद्यात होती ते विचारा. मासळीला चालली असेल तर बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं चेसीवर गळलेलं असतं. वरून रंग मारला की दिसत नाही. हौद्याच्या खाली झोपून स्क्रूड्रायव्हरने ब्रेकचे लोखंडी पाइप खरवडा, विशेषतः जिथे क्लिप आहे तिथे, आणि क्रॉस मेंबर (चेसीच्या आडव्या पट्ट्या) हातोडीने वाजवून बघा, खणखणीत आवाज आला पाहिजे.

कागदवाला:
मेकॅनिकल नाही पण सांगतो, गाडी नावावर करायला ३० दिवसांत अर्ज लागतो (फॉर्म २९, ३०), इन्शुरन्स १४ दिवसांत बदलून घ्यायचा. आधीच्या मालकाचं लोन असेल तर फॉर्म ३५ (लोन फिटल्याचा) घेतल्याशिवाय एजंटला सोडू नका.

फोंडेकर_४०७:
देव बरें करूं सगळ्यांचं!! सत्तरीचो, तुमच्या पाया पडतो. घाटात दम सोडला, उतरून झाकण फिरवलं, फुस्स!! गाडी लगेच सरळ. खाली बघतो तर झाकणाच्या आत सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवलेला आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी दुमडून, डिझेल हिंदकळून सांडू नये म्हणून कुणीतरी केलेलं. ते काढलं, नवीन झाकण बसवलं. आता खूप फरक आहे, वरच्या वळणांवर मात्र अजून एकदोनदा गुदमरते.

पण मांडवीकाठ म्हणाले ते जास्त भयंकर निघालं. मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा ब्रेक पाइप क्लिपखाली इतका खाल्लेला होता की नखाने पापुद्रे निघाले. हौद्याच्या फळ्यांच्या सांध्यात म्हाकुलाचा (स्क्विडचा) वाळका तुकडा सापडला, एजंट मला फर्निचरची गाडी म्हणून सांगत होता. पाइप सगळे नवीन टाकायला दिलेत, उजवा व्हील सिलिंडर जामच होता. गाडी तोपर्यंत उभी.

सत्तरीचो:
राहिलेलं गुदमरणं टाकीतच आहे, गाडी उभीच आहे तर आत्ताच टाकी उतरवून धुऊन घ्या आणि सक्शनची जाळी साफ करा. तुम्ही विचारलेलं नोझलवाल्याचं, नाव इथे टाकत नाही, पण उसगाव-धारबांदोड्याच्या पट्ट्यात बघा, खाणीच्या ट्रकांवर हात बसलेली माणसं आहेत तिथे. जो नोझल टेस्टिंग मशीनवर लावून तुमच्यासमोर फवारा दाखवतो त्याच्याकडे द्या.

फोंडेकर_४०७:
चालेल, तसंच करतो. स्टेअरिंगचं राहिलं. चाकं बॅलन्स केली, थरथर तशीच.

घाटातला_गडी:
पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. खेळ असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन). मासळीच्या गाडीत किंगपिनच निघेल बहुतेक, ग्रीस धुऊन जातं. किट टाकलंत तर बुश बसवल्यावर रीमर मारून (भोक मापात करून) पिन फिट करणारा लेथवाला गाठा, हातोडीने ठोकून बसवणाऱ्याकडे नको, महिन्यात परत खेळ येतो. आणि ग्रीस मारताना चाक जमिनीवर ठेवून मारू नका, अ‍ॅक्सल उचलून वजन काढा, तरच ते खालच्या बेअरिंगपर्यंत जातं.