लेबलवर साल नसलं तरी

वर कोणीतरी म्हणालंय की लेबलवर, म्हणजे रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर, ना साल ना गाव, मग अशा लोकल फंक (अमेरिकेतलं ठेक्याचं नाचाचं संगीत) सिंगलचा, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डचा, काळ ठरवणं म्हणजे नुसता अंदाजपंचे कारभार. अर्धं पटलं. पण लेबल सोडा, गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी कोरी पट्टी उरते ना, ती उजेडात तिरकी धरून बघा, तिथे छापणाऱ्याचा नंबर कोरलेला असतो. अमेरिकेत ओहायोतल्या सिनसिनाटीला राइट (Rite) नावाचं प्रेसिंगचं, म्हणजे रेकॉर्ड छापायचं, दुकान होतं, कोणीही टेप पाठवा, पैसे द्या, ते ४५ च्या (मिनिटाला ४५ फेरे फिरणाऱ्या) रेकॉर्ड छापून देणार, चर्चचे गायक, शाळेचे बँड, गल्लीतले सोल ग्रुप सगळेच त्यांचे गिऱ्हाईक. त्यांचे नंबर ओळीने चढत जायचे, त्यामुळे आसपासच्या नंबरची एखादी तारीख माहीत असलेली रेकॉर्ड सापडली की आपल्या सिंगलचं साल बऱ्यापैकी लागतं.

फक्त एक, छपाई सिनसिनाटीची म्हणजे बँड तिथलाच असं नाही, केंटकी, वेस्ट व्हर्जिनियाकडूनही टेपा यायच्या. विकणारे मात्र बिनधास्त ‘सिनसिनाटी फंक’ लिहून भाव चढवतात, कारण फंकचा मोठा गायक जेम्स ब्राउन ज्या कंपनीसाठी गायचा ती किंग रेकॉर्ड्स त्याच गावची. बँडचं गाव शोधायचं तर लेबलवर कंसात दिलेली गीतकारांची नावं आणि गाण्याचे हक्क सांभाळणारी पब्लिशिंग कंपनी बघा, ते जास्त भरवशाचं.