डॉल्फिनची बोट: साडेसहा की चार?

बी-२०४: सोसायटीच्या डॉल्फिन सहलीची बोट सकाळी साडेसहाची ठरली होती ना? दुपारी चारची कुणी केली? गेल्या सहलीला बसचं झालं तेच परत?

सेक्रेटरी: ताई, सात घरांनी कळवलं की मुलांना इतक्या लवकर उठवणं जमणार नाही. कृपया शांतपणे बोलू या.

सी-१०१ आजोबा: सकाळचीच घ्या. पहाटे वारा मंद, पाणी सपाट. दुपारी जमीन तापली की खारे वारे जोर धरतात. लाटांवर पांढरा फेस आला की पाठीवरचा पर त्यात हरवतो.

ए-३०३: म्हणजे चारला डॉल्फिन घरी जातात? 😄

बी-२०४: असतात, आपल्याला दिसत नाहीत. आणि पोलराइज्ड गॉगल आणा, साध्या काळ्या काचेने पाण्याची चकाकी जात नाही.

ए-५०२: वेळ काहीही ठरवा, पण तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) "जवळ घे, जवळ घे" कुणीही ओरडायचं नाही, प्लीज. बोट कळपाच्या बाजूने, समांतर, हळू न्यायची. ५० मीटरवर इंजिन न्यूट्रलला. पुढ्यात आडवी घातली की कळप फुटतो, पिल्लू आईपासून सुटतं. त्यांना वाटलं तर ते आपणहून बोटीच्या पुढच्या लाटेवर खेळायला येतात. सारखे दिशा बदलायला लागले, जास्त वेळ पाण्याखाली राहायला लागले, की त्रास होतोय समजून मागे फिरायचं.

डी-१०४: पैसे भरायचे आणि ५० मीटरवरून बघायचं?

ए-५०२: हो. ७ किंवा ८ पटीची दुर्बीण आणा. १० पटीच्या वरची नको, हलत्या बोटीत चित्र ठरत नाही. हवाईत स्पिनर डॉल्फिन दिवसा किनाऱ्याजवळ विश्रांती घेतात. माणसं अंगावर जाऊन झोपमोड करायची, म्हणून २०२१ पासून तिथे ५० यार्डांच्या आत जायला बंदी आहे. न्यूझीलंडमध्ये ३०० मीटरच्या आत तीनच बोटी चालतात.

सी-१०१ आजोबा: सकाळचीच घ्या.

डी-१०४: व्याख्यान झालं असेल तर विचारतो, ड्रोन आणू का?

बी-२०४: नको. रिटर्न-टू-होम दाबलं की तो उडाला त्या जागी परततो. बोट तोवर पुढे गेलेली, खाली समुद्र.

डी-१०४: प्रत्येक गोष्टीला नकोच का असतं तुमचं?

सेक्रेटरी: कृपया 🙏

बी-४०१: भांडणात जॅकेटचं राहूनच जातंय. मुलांना मोठ्यांचं जॅकेट आवळून चालत नाही, वजनावर लिहिलेला साइज बघा. घातल्यावर दोन्ही खांदे धरून वर ओढा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. लहानांना दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर तरंगतं आणि मूल खाली निसटतं. बुडाखाली उशी म्हणून घेऊन बसायचं नाही.

ए-३०३: आणि बोट लागते त्यांचं?

बी-४०१: गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास. उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. मुलांना डॉक्टरांना विचारूनच. मधल्या बाकावर बसा, तिथे बोट सगळ्यात कमी हलते. मागे इंजिनाचा धूर येतो. मोबाइल खाली ठेवून क्षितिजाकडे बघत राहा.

ए-३०३: मग फोटो कधी काढायचे हो 😄

ए-५०२: दिसल्यावर! शटर १/१००० सेकंद, बर्स्ट (सलग फोटो) चालू. उडी बघून कॅमेरा उचललात तर फक्त पाण्याचा शिंतोडा मिळतो. ते सहसा थोडं पुढे परत वर येतात, रोख धरून आधीच तिकडे कॅमेरा ठेवा. पक्षी घिरट्या घालून एकाच जागी सूर मारत असतील तिथे लक्ष ठेवा, खाली मासळीचा थवा असतो.

सी-१०१ आजोबा: सकाळचीच घ्या.

डी-१०४: घ्या बाबा सकाळची. ड्रोन घरी ठेवतो.

सेक्रेटरी: साडेसहा नक्की. वारा वाढला तर तांडेल सांगेल ते अंतिम, तिथे वाद नको.

सी-१०१ आजोबा: साडेसहाला बोट सुटते. जॅकेटं बांधायला वेळ लागतो. जेट्टीवर सहाला.